आखाजी आणि आमदार

आमचे आबा म्हणायचे, आखाजीला दाराशी तीन माणसं येतात. सासरहून आलेली लेक, साल संपलेला सालदार आणि मुंबईहून सुटलेला आमदार. लेकीला लुगडं घ्यायचं, सालदाराला हिशेब द्यायचा आणि आमदाराकडून हिशेब घ्यायचा. आबा हे हसत म्हणायचे, पण त्यांना ते खरंच वाटत होतं. मीही बरीच वर्षं ते खरं धरून चाललो.

खानदेशाबाहेरच्यांना आखाजी सांगावी लागेल. पंचांगात जिला अक्षय्य तृतीया म्हणतात ती आमची आखाजी. एप्रिलच्या शेवटी नाहीतर मेच्या पहिल्या पंधरवड्यात येते. शेतं रिकामी, ऊन पंचेचाळीस अंशाला टेकलेलं, आणि घरोघरी पुरणपोळी न् आंब्याचा रस. निंबाला झोके बांधतात, पोरी गौराईची गाणी म्हणतात, माणसं पत्ते कुटतात. वाडवडलांच्या नावानं घागर भरतात. पण शेतकऱ्याच्या लेखी आखाजी ही वर्षाची शेवटची तारीख. सालदाराचं साल आखाजीला संपतं आणि आखाजीलाच नवं बांधलं जातं. किती पैसे उचलले, किती दाणे नेले, किती खाडे झाले, हे ओट्यावर बसून बोलायचं. पटलं तर पुढचं साल, नाही तर सालदार दुसऱ्या दारी.

आमदाराचं आखाजीशी नातं काय, तर तेही तारखांचंच. विधिमंडळाची वर्षाला तीन अधिवेशनं. राज्यघटनेच्या १७४ व्या कलमात एवढंच सांगितलंय की दोन अधिवेशनांत सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर पडू नये. अर्थसंकल्पाचं अधिवेशन मुंबईत, फेब्रुवारी-मार्चात सुरू होणारं. पावसाळी अधिवेशनही मुंबईतच, जून-जुलैत. हिवाळी नागपूरला, १९५३ च्या नागपूर कराराचा तो मान. मधला एप्रिल-मे राहतो मोकळा. आमदाराला सभागृह नाही, आम्हाला शेतात काम नाही. दोघं रिकामे, म्हणून भेट.

इंग्रजाच्या राज्यात याच्या उलट होतं. ऊन तापलं की मुंबईचा गव्हर्नर महाबळेश्वर चढायचा आणि पावसाळ्यात पुण्याला उतरायचा. कायदेमंडळाच्या पावसाळ्यातल्या बैठकाही पुण्याच्या कौन्सिल हॉलात व्हायच्या. म्हणजे ज्या महिन्यात रयतेच्या विहिरी आटतात, नेमक्या त्याच महिन्यात राज्य करणारा थंड हवेला. मे महिन्यात खानदेशात उतरून कोणी विचारपूस करावी, ही रीत निवडणुकीबरोबर आली.

ती रीत कशी आली हे मी आजोबांच्या तोंडून ऐकलंय. आमचं गाव अमळनेर-पारोळ्याच्या शिवेवर, बोरी नदीच्या काठाला. तेव्हा जळगाव जिल्ह्याला पूर्व खानदेश म्हणत आणि धुळ्याच्या बाजूला पश्चिम खानदेश. १९०६ ला हे दोन तुकडे झाले, पण सोयरिकी आणि अहिराणी बोली मधून तुटली नाही. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं हे पहिलंच. खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी यांनी त्यासाठी रक्त आटवलं. आजोबा अमळनेरहून रेल्वेनं भुसावळ, तिथून सावदा आणि पुढं लोकांच्या लोंढ्याबरोबर पायी असे गेले होते. त्यांना पंडित नेहरू लांबून दिसले आणि गांधीजी दिसलेच नाहीत, गर्दी फार. पण भाषणातलं एक त्यांच्या ध्यानात राहिलं. सारा आणि खंड कमी करा, कर्जाचं ओझं हलकं करा. आजोबा म्हणायचे, आपली गोष्ट एवढ्या मोठ्या मांडवात कोणी बोललं ते तिथंच पहिल्यांदा ऐकलं.

लगेच १९३७ ची निवडणूक आली. मुंबई प्रांताच्या विधानसभेत १७५ जागा, त्यातल्या ८६ काँग्रेसच्या. बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं. त्या मंत्रिमंडळानं पुढं १९३९ ला शेतकरी कर्जनिवारणाचा कायदा केला. पण मत कोणाला होतं? जो ठराविक सारा भरतो, घरभाडं भरतो, नाहीतर शिकलेला आहे, त्याला. आजोबांना मत होतं. आमच्या सालदाराला नव्हतं. आजोबा मत देऊन आले तेव्हा बैलगाडी हाकायला तोच होता. तो बाहेर बाभळीखाली बैल धरून उभा राहिला. हे सांगताना आजोबा कधी ओशाळले नाहीत, त्या काळी त्यात ओशाळण्यासारखं कोणाला दिसतही नव्हतं. १९५२ च्या निवडणुकीत मालक आणि सालदार पहिल्यांदा एका रांगेत उभे राहिले. आजी पण रांगेत होती. तेव्हापासून उन्हाळ्यात गावाला येणाऱ्या आमदाराला मालकाच्या ओट्यावर बसून भागेना, त्याला खालच्या आळीतही जावं लागायला लागलं.

माझा जन्म १९६१ चा. त्या वेळचे जिल्ह्यातले आमदार म्हणजे खिरोद्याचे बाळासाहेब, म्हणजे मधुकरराव चौधरी, धनाजी नानांचे चिरंजीव. ते शिक्षणमंत्री झाले आणि पुढं १९९० ते १९९५ विधानसभेचे अध्यक्ष. १९६२ ला जळगावातून प्रतिभाताई निवडून आल्या, वकील बाई, वय सत्तावीस. पुढं एदलाबादेतून निवडून येत राहिल्या आणि २००७ ला राष्ट्रपती झाल्या. ही मोठी नावं. आमच्याकडे यायचा तो आमदार एवढा मोठा नव्हता. त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण त्या नावावरून गावात अजून दोन पार्ट्या आहेत.

तो यायचा एसटीनं. एसटीत आमदारांसाठी राखीव असं लिहिलेली जागा असते, ती तुम्हीही पाहिली असेल. शहरातल्या पोरांना आता ती थट्टा वाटते. पण त्या जागेवर बसून आलेला माणूस मी डोळ्यानं पाहिलाय. आणि ते काही फार जुनं पण नाही. सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा निवडून आले आणि एसटीनं फिरत राहिले, हे साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे. तर हा आमचा आमदार फाट्यावर उतरून दोन कोस चालत यायचा. डोक्याला उपरणं, हातात पिशवी. संध्याकाळी चावडीपुढं सतरंजी टाकायची, कंदील लावायचा. रात्री तो आमच्या अंगणात बाजेवर झोपायचा, कारण घरात गरमीनं जीव जायचा. जेवायला कळण्याची भाकर आणि ठेचा. रस केला तर म्हणायचा, "आबा, खर्चात पडू नका, मी काही व्याही नाही."

चावडीपुढं काय चालायचं ते मला पोरवयात नीट कळत नव्हतं, पण एक दिसायचं. प्रत्येक जण गावाचंच बोलायचा. म्हणजे सगळे साधुसंत होते असं नाही. घरचं गाऱ्हाणं चारचौघांत मांडायची लाज वाटायची, एवढंच. आणि तेव्हा आमदाराजवळ वाटायला काही नव्हतंही. ना निधी, ना पत्र देऊन होणारी कामं. त्याच्याजवळ होता प्रश्न. तो वहीत लिहून घ्यायचा आणि पावसाळी अधिवेशनात विचारायचा.

हा प्रश्न कसा विचारतात ते सांगतो, कारण शाळेत ते नीट शिकवत नाहीत. आमदार आधी लेखी सूचना देतो. ज्यावर तोंडी उत्तर हवं त्याला तारा लावतात, म्हणून तारांकित प्रश्न. छापून येतो तो असा: "अमुक गावी तमुक नसल्याने लोकांची गैरसोय होत आहे, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे?" मग मंत्र्याचं उत्तर. एखादं तातडीचं असलं तर लक्षवेधी. आमच्या गावाला नाल्यावर फरशी नव्हती. पावसाळ्यात नाला आला की पलीकडच्या वस्तीची पोरं शाळेला मुकायची. एका उन्हाळ्यात हे वहीत गेलं आणि श्रावणात आबांना टपालानं छापील कागद आला. उत्तर होतं: "हे अंशतः खरे आहे."

आबांनी तो कागद चावडीत वाचून दाखवला. लोकांना 'अंशतः' कळेना. गुरुजींनी सांगितलं, थोडंसं खरं, सगळं नाही. एक म्हातारा म्हणाला, "नाला थोडासाच येस का मंग?" तेव्हापासून गावात तो शब्दच झाला. कोणी उधारी देतो म्हणाला की अंशतः खरं. पोरीकडचे लोक शेती किती सांगतात, अंशतः खरं. पण फरशी झाली. तीन उन्हाळे लागले, पण झाली. तो कागद आबांच्या पेटीत माझ्याजवळ अजून आहे.

१९७२ चा दुष्काळ मला चांगला आठवतो. मी अकरा-बारा वर्षांचा. आमची बारा बिघे जमीन, पण जमीन असलेलेही खडीला गेले. माय गेली, दोन्ही काकू गेल्या. रस्त्याच्या कडेला बायका ओळीनं बसून खडी फोडायच्या. डोळ्यात कपची जाऊ नये म्हणून पदर ओढून घ्यायच्या. दुपारी सुकडी मिळायची, मला ती फार आवडायची, आणि मिलोची लाल भाकर मुळीच नाही. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात अशा कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. त्यातली एक माझी माय.

त्या मेमध्ये आमदार खडीवर आला. या वेळी चावडी नाही, कारण गावच खडीवर होतं. पुरुष मंडळी साहेब, साहेब करत पुढं झाली. तो सरळ बायकांच्या ओळीकडे गेला. कोणी बोलेना. माझी माय, जी आबांसमोर पण हळू बोलायची, ती हातोडा खाली न ठेवता म्हणाली, "भाऊ, खडी आम्ही फोडतस, पन मोजाले कोनी येत नही. मोजाशिवाय पैसा कशा येतीन?"

सगळा दुष्काळ तिनं दोन वाक्यांत सांगितला. काम मिळत होतं, पण मोजमाप लांबायचं, मोजमाप लांबलं की हजेरीपत्रक लांबायचं, पगार लांबायचा, आणि तोवर वाण्याची उधारी वाढत जायची. आमदारानं तिथंच मांडीवर वही ठेवून लिहून घेतलं. त्याच आठवड्यात मोजमाप झालं. ते त्याच्यामुळं झालं की तसंही होणारच होतं, देव जाणे. पण मायला मरेपर्यंत वाटत राहिलं की आपण बोललो म्हणून मोजणारा आला.

पुढं कळलं की हेच मुंबईतही चाललं होतं. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी 'मागेल त्याला काम' ही कल्पना मांडली होती. त्यांनी ती आधी सांगली जिल्ह्यात विसापूरकडे करून पाहिली होती. दुष्काळाच्या साली ती राज्यभर लागू झाली. १९७७ ला रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. २००५ चा दिल्लीचा कायदा त्यानंतर पंचवीस-सव्वीस वर्षांनी. शहरातल्या नोकरदार वाचकांनी आपली पगाराची चिठ्ठी काढून पाहावी. तिच्यात व्यवसाय कर कापलेला असतो. तो १९७५ ला या रोजगार हमीच्या पैशासाठीच सुरू झाला. म्हणजे मुंबईच्या कारकुनाचं आणि माझ्या मायचं असं नातं जोडलेलं आहे, दोघांनाही ते माहीत नव्हतं. कामावर मोजमाप किती दिवसांत व्हावं, मजुरी किती दिवसांत मिळावी, हे कायद्यात लिहावं लागलं. ते कोणाच्या तोंडच्या बोलण्यावरून लिहिलं गेलं असेल, तर अशाच ओळीनं बसलेल्या बायकांच्या.

मी १९७७ ला दहावी पास झालो आणि शेतात उतरलो. ऐंशी सालानंतर आमदाराचं येणं बदलत गेलं. आधी जीप आली, मग गाड्यांची रांग. बाजेवर झोपणं गेलं. १९९३ च्या डिसेंबरात खासदाराला निधी आला, सुरुवातीला पाच लाख, मग एक कोटी, पुढं दोन, पुढं पाच. आमदारालाही निधी आहे, तो २०२२ पासून वर्षाला पाच कोटी. पैसा वाईट नाही. आमच्या गावाची व्यायामशाळा, स्मशानातलं शेड, मारुतीपुढचा सभामंडप, सारं त्यातूनच झालं. पण निधी आल्यापासून चावडीपुढचं बोलणं पालटलं. आधी लोक म्हणायचे, "विचारा." आता म्हणतात, "द्या." विचारायला लावणाऱ्याला हिशेब घेता येतो. देणाऱ्याला हिशेब कोण विचारतो?

आणि मग लग्नं. आमच्याकडे दाट तिथी एप्रिल-मेमध्येच. आमदाराला एका दिवसात पंधरा-वीस लग्नं गाठावी लागतात. वरण-बट्टीच्या पंगती बसलेल्या, मंगलाष्टकं सुरू व्हायच्या बेतात, तेवढ्यात लाउडस्पीकरवर, "आपल्या तालुक्याचे लोकप्रिय आमदार..." सगळं थांबतं. नवरा-नवरी घामाघूम. तो दोन मिनिटं आशीर्वाद देतो, फोटो होतो, धूळ उडवत पुढच्या गावाला. लोक आमदाराला हसतात की बघा, काम सोडून लग्नं खातो. पण पत्रिकेवर त्याचं नाव 'प्रमुख उपस्थिती' म्हणून कोण छापतं? आम्हीच. माझ्या पोरीच्या पत्रिकेवर मी छापलं होतं. तो आला नसता तर मी वर्षभर राग धरला असता. एका आमदारानं मला खाजगीत सांगितलं, "नाना, सभागृहात चार तास बोललो तरी मत पडत नाही, आणि लग्नाला गेलो नाही तर हमखास जातं." याला काय उत्तर देणार?

उन्हाळ्यात आमदाराची खरी कामाची भेट आता एकच उरली, ती तहसील कचेरीतली टंचाई बैठक. आमदार अध्यक्ष, शेजारी तहसीलदार, गटविकास अधिकारी, पाणीपुरवठ्याचे अभियंते, वीज कंपनीचे साहेब. समोर सरपंच, ग्रामसेवक, तलाठी. गावागावाचं नाव पुकारतात. कुठं टँकर, कुठं विंधन विहीर, कुठं विहिरीतला गाळ काढणं, कुठं तात्पुरती पूरक योजना. आणि कुठं खाजगी विहीर अधिग्रहण, म्हणजे ज्या शेतकऱ्याच्या विहिरीला पाणी आहे त्याची विहीर सरकार गावासाठी ताब्यात घेतं आणि त्याला दिवसाचा मोबदला देतं.

अशाच एका बैठकीत मी काय केलं ते आता लिहितो. हे लिहायचं म्हणूनच हा लेख घेतला, नाहीतर आखाजीची गंमत सांगून मी थांबलो असतो.

२००३ चा उन्हाळा. मी ग्रामपंचायतीचा मेंबर. बोरी कोरडी ठाक, गावाची विहीर तळाला. बायका पहाटे तीनला नंबर लावायच्या. ग्रामपंचायतीत ठरलं की जवळच्या मळ्यातली विहीर अधिग्रहित करावी. त्या बाजूला पाणी असलेल्या विहिरी दोनच होत्या. त्यातली एक माझी, आणि पाणी माझ्याच विहिरीला जास्त होतं. प्रस्तावात अजून कोणाचं नाव घातलेलं नव्हतं. ग्रामसेवक म्हणाला, "मेंबर, बैठकीत तुम्ही बोला. आमदार साहेबांसमोर विषय निघाला तर आठवड्यात आदेश होईल."

माझी अडचण वेगळी होती. मळ्यातली डीपी जळून पंधरा दिवस झाले होते. मला मेअखेर बागायती कापूस लावायचा होता. पहिला पाऊस यायच्या आत रोप उभं झालं की माल लवकर येतो, हे कपाशीचं गणित खानदेशात पोरगंसुद्धा सांगेल. विहीर गावाला दिली तर कापूस गेला.

गावाचं नाव पुकारलं. मी उभा राहिलो. आमदारानं ओळखून म्हटलं, "बोला नाना." आणि मी डीपीचं बोललो. चार शेतकऱ्यांची डीपी आहे, पिकाचं नुकसान होतंय, असं सगळं नीट मांडलं. त्यानं तिथंच वीज मंडळाच्या साहेबाला उभं केलं. टाळ्या पडल्या. मी खाली बसलो. ग्रामसेवक माझ्याकडे पाहत होता, मी समोरच्या पंख्याकडे. तोवर पुढच्या गावाचं नाव पुकारलं गेलं होतं.

डीपी चार दिवसांत आली. कापूस लागला, त्या साली बराही पिकला. गावाचा प्रस्ताव कागदोपत्री फिरत राहिला, आणि टँकर आला तो मृगाच्या तोंडावर. कोणी मेलं नाही, कोणी भांडलंही नाही. फक्त शेजारची म्हातारी, जी माझ्या मायबरोबर खडीला होती, ती एका पहाटे रिकामा हंडा घेऊन माझ्या दारावरून जाताना थांबली आणि म्हणाली, "तुन्हा हिशोब झाया, भाऊ. आमना र्‍ही गया." तिला डीपीचं ठाऊक होतं का, बैठकीचं ठाऊक होतं का, मी विचारलं नाही. त्याच दिवशी मी ग्रामसेवकाला निरोप धाडला की माझी विहीर घ्या. पण तोवर मृग आठ दिवसांवर आला होता. आमदार त्या दिवशी चुकला नाही. त्याला जे विचारलं त्याचं त्यानं केलं.

तेव्हापासून उन्हाळ्यातली आश्वासनं ऐकताना मी आधी ऐकणाऱ्यांकडे बघतो. तापीच्या खोऱ्यातलं १९१ टीएमसीच्या वर पाणी महाराष्ट्राच्या वाट्याचं, हे दर उन्हाळ्यात कोणीतरी स्टेजवरून सांगतं. १९९७ ला जळगावात तापी पाटबंधारे महामंडळ झालं. आमच्या अमळनेर तालुक्यात पाडळसे धरणाचं काम सुरू होऊन माझ्या पोराचं लग्न होऊन त्याला पोरं झाली, धरण अजून पुरं व्हायचंय. शिंदखेड्याकडे सुलवाडे-जामफळ उपसा योजनेचं भूमिपूजन १६ फेब्रुवारी २०१९ ला पंतप्रधानांच्या हातून धुळ्यात झालं. या धरणांवर किती आमदार उन्हाळ्यात बोलून गेले, मोजदाद नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या. किती टक्के काम झालं, भूसंपादन कुठं अडलं, यंदा तरतूद किती, हे विचारणारे दोन-चारच, आणि त्यांना लोक 'कटकटे' म्हणतात.

शिरपूरला मात्र वेगळं पाहिलं. तिथं आमदार अमरीशभाई पटेल आणि भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी २००४ च्या सुमारास नाले खोल-रुंद करून ओळीनं बंधारे बांधायला घेतले. आम्ही दहा जण गाडी करून मे महिन्यात बघायला गेलो. खानापूरकरांचा मुद्दा साधा होता. तापीकाठी गाळाची जमीन खोल आहे, पण तिच्यात पिवळ्या चिकण मातीचा थर पाणी खाली जाऊ देत नाही. तो थर फोडून वाळूपर्यंत गेलं की पाणी मुरतं. भर उन्हाळ्यात बंधाऱ्यात पाणी पाहून आमच्यातला एक जण चक्क कपड्यांसकट उतरला. या पद्धतीवर टीका करणारे भूवैज्ञानिकही आहेत, आणि सगळीकडे तीच माती नसते हे खरं. आमच्याकडे थोडं खोल गेलं की काळा खडक लागतो. पण परत येताना गाडीत पहिल्यांदाच कोणी 'आमच्या आमदाराला सांगू' म्हणालं नाही. आपल्या नाल्यात खडक किती हातांवर आहे यावर रात्रभर वाद झाला.

यंदाच्या आखाजीला आमदार गावात आला, अर्थात एका लग्नाला. मी आबांच्या पेटीतला तो जुना कागद खिशात घेऊन गेलो होतो. मंडपाबाहेर गाडीजवळ त्याला गाठलं. तरुण माणूस, शिकलेला. कागद वाचून हसला, मोबाइलवर फोटो काढून घेतला. म्हणाला, "नाना, अशी उत्तरं अजून तशीच येतात." मी म्हटलं, उत्तर तसंच येऊ द्या, प्रश्न तरी टाका. आमच्या नळ योजनेची टाकी बांधून दोन वर्षं झाली, तिच्यात पाणी कधी चढणार, एवढा एकच. त्यानं पीएला लिहून घ्यायला सांगितलं. पीएनं लिहिलं की नुसती मान डोलावली, गर्दीत दिसलं नाही.

आमच्या जुन्या सालदाराचा नातू तिथंच उभा होता. आमच्याकडे सालदार राहून आता वीस वर्षं झाली, साल कोणी बांधत नाही, रोजानं माणूस मिळतो. नातू सुरतेला मागावर काम करतो, आखाजीला चार दिवस घरी येतो. त्याची बायको-पोरं इथंच, पाण्याचा त्रास तिलाच. मी त्याला म्हटलं, तू पण बोल साहेबांशी, तुझ्या घरचंच आहे.

तो हळूच म्हणाला, "मन्हं मत आते लिंबायतमा शे, जिभाऊ."

त्याचा पणजोबा मत नव्हतं म्हणून बाभळीखाली बैल धरून उभा होता. याला मत आहे, पण ते लांब सुरतेला. मी आमदाराकडे वळलो तोवर गाडी सुरू झाली होती, पुढचं लग्न बहादरपूरला होतं.